अक्षराला लेफ्से हवीय

एडिनबरा
९ फेब्रुवारी २०२५

ताई,

पोहोचून दहा दिवस झाले. फोन न करता पत्र लिहितोय, कारण अक्षराचा फ्लॅट एवढासा आहे की मी स्वयंपाकघरात शिंकलो तर आतल्या खोलीत बाळ दचकतं. इथे फोनवर कुणाबद्दल काही बोलायची सोयच नाही. तू लग्न होऊन कार्डिफला आलीस आणि मी पुण्यात होतो, तेव्हा आपण किती पत्रं लिहायचो! तेच परत सुरू करू. हॅरोच्या घरात लता गेल्यापासून लिहिण्यासारखं काही घडतही नव्हतं. इथे रोज काहीतरी घडतंय.

तुझी नात उल्का पाच आठवड्यांची झाली. केस तिच्या आजीचे, लताचे, नाक एस्पेनचं आणि आवाज लंडनच्या जुन्या ट्यूब रेल्वेच्या ब्रेकसारखा. सगळा जन्म मेट्रोपॉलिटन लाइनच्या सिग्नलवर काढलेल्या माणसाकडून हे कौतुक समज. जावई परत समुद्रातल्या पवनचक्क्यांवर गेलाय. चार आठवडे तिकडे, चार आठवडे घरी. त्याची आई सिग्रिड नॉर्वेहून यायची होती, पण तिच्या नवऱ्याचं कमरेचं ऑपरेशन निघालं. म्हणून लेकीच्या बाळंतपणाला मी! हस नकोस.

अक्षरा दमलीय. उल्का झोपली तरी ही छताकडे बघत पडून असते. मी केलेली खिचडी, मऊ भात, हॅरोहून आणलेले डिंकाचे लाडू, कशालाच हात लावत नाही. मागच्या आठवड्यात मी म्हटलं, "मग तुला खावंसं तरी काय वाटतं?" म्हणाली, "लेफ्से."

मला वाटलं एखादं औषध. तर हा नॉर्वेचा पदार्थ निघाला. उकडलेला बटाटा, लोणी, क्रीम, थोडा मैदा. पातळ लाटायचं, कोरड्या तव्यावर भाजायचं आणि लोणी-साखर लावून गुंडाळून खायचं. एस्पेनशी ओळख झाली त्या हिवाळ्यात ती त्याच्या घरी गेली होती, तेव्हा सिग्रिडने करून घातला होता. मी सिग्रिडला व्हिडिओ कॉल लावला. ती इतकी खूश झाली की चार दिवसांत पार्सल आलं: खाचा पाडलेलं एक जाडजूड लाटणं आणि उलटायला पट्टीसारखी लांब काठी.

आता पंचाईत अशी की मी जन्मात पोळी लाटलेली नाही. तू सांग.

अक्षरा काल म्हणाली, "बाबा, तू तिला माझ्यापेक्षा छान धरतोस. माझ्याकडे ती फक्त रडते." खरं सांगू, ऐकून जरा मूठभर मांस चढलं.

तुझा राजा


कार्डिफ
१३ फेब्रुवारी

राजा,

तू लाटणार! लता असती तर तिने खुर्ची टाकून बघितलं असतं.

पहिलं म्हणजे, लेफ्से हा 'पदार्थ' असेल, पण आपल्या घरात ती 'ती लेफ्से'. लाटतात ती सगळी बायकी नावं, पोळी, पुरी, भाकरी. (पराठ्याचं मला सांगू नकोस.)

आता नीट वाच. बटाटा पिठूळ घे, मॅरिस पायपर मिळेल. सॅलडवाले चिकट बटाटे अजिबात नकोत. उकडल्यावर पाणी ओतून पातेलं परत गॅसवर ठेव आणि वाफ पूर्ण जाऊ दे. पुरण कोरडं झाल्याशिवाय लता खाली उतरवायची का? तसंच. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढ. एक गुठळी राहिली तरी पोळी तिथेच फाटणार. पुरणयंत्र अक्षराकडे असणार, लग्नात मीच दिलंय. पोळपाटावर जाड कापड घट्ट बांध आणि त्यात मैदा चोळ. लाटणं दाबू नकोस, फिरव. मैदा कधी घालायचा ते सिग्रिडला विचार, मी ही पोळी पाहिलेली नाही.

आता दुसरं. मी काही प्रश्न विचारते, त्यांची उत्तरं दे.

उल्का झोपते तेव्हा अक्षरा का झोपत नाही? अंघोळ करते का? बाहेर शेवटची कधी गेली? रडते का? आणि तू म्हणतोस मूठभर मांस चढलं, ते वाक्य तू पुन्हा एकदा वाच. नव्या आईने ते का म्हणावं?

तिला "बरी आहेस ना?" असं विचारू नकोस. त्याला सगळेच "हो" म्हणतात. समोर बस आणि विचार, "तुला मनातून कसं वाटतंय?" हेल्थ व्हिजिटर, बाळ-बाळंतिणीला बघणारी नर्स, येते ना घरी? तिच्याशी बोल.

तुझी ताई


एडिनबरा
२३ फेब्रुवारी

ताई,

पहिला प्रयोग साफ फसला!

सिग्रिडने बजावलं होतं की बटाट्यात लोणी-क्रीम मिसळून तो रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा, पार गार झाला की मगच मैदा घालायचा आणि लगेच लाटायचं. मला वाटलं, म्हाताऱ्या बायकांच्या या गोष्टी असतात. गरम बटाट्यातच मैदा घातला. त्याला पाणी सुटलं, म्हणून आणखी मैदा घातला. आणखी पाणी सुटलं. शेवटी लाटणं, कापड, मी आणि फ्रिजचं हँडल असे सगळे एकमेकांना चिकटलो. कसंबसं एक लाटलं ते स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यासारखं दिसत होतं, सगळी बेटं सुटी.

खालच्या मजल्यावरच्या मिसेस गिलेस्पी वास कसला येतोय बघायला आल्या. माझं काम बघून म्हणाल्या, "अहो, ही तर टॅटी स्कोन!" इथे बटाट्याची जाड भाकरी करतात, तिला म्हणतात. मी म्हटलं, नाही, ही नॉर्वेची आहे. त्या म्हणाल्या, "मग तिकडच्यांनी आमचीच नेली असेल." पण बाई चांगली. आपला बिडाचा जुना तवा वर आणून दिला. चांगला रुंद आहे, ढोसा होईल एवढा.

तुझ्या प्रश्नांचं म्हणशील, तर तू आयुष्यभर वॉर्ड सांभाळलास, त्यामुळे तुला जिथे तिथे पेशंट दिसतात. पहिलटकरीण आहे, नवरा समुद्रात, आई नाही. दमणारच. अंघोळीचं मी बाप असून काय विचारू? बाहेर म्हणशील तर थंडी आहे. हेल्थ व्हिजिटर येऊन गेली. अक्षरा तिच्याशी हसून बोलली, सगळं छान आहे म्हणाली. मीच चहा केला.

माझा पसारा बघायला अक्षरा स्वयंपाकघराच्या दारात आली होती. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "बाबा, कशाला एवढं करतोस माझ्यासाठी? उल्काला दुसरी कुठली आई मिळाली असती तर बरं झालं असतं. मी नसते तरी तुमचं सगळ्यांचं चाललं असतं." मी म्हटलं, "वेडी आहेस का, बटाटे स्वस्त आहेत." ती आत गेली.

उद्या नवे बटाटे आणतो.

राजा


कार्डिफ
२६ फेब्रुवारी

राजा,

तुझं पत्र आल्या आल्या मी फोन केला आणि तू "हो हो, सगळं ठीक" म्हणून ठेवून दिलास. ती शेजारी बसली होती हे मला कळलं. म्हणून हे पत्र लगेच टाकतेय. उद्या तुझ्या हातात पडेल. पडलं की चहासुद्धा करू नकोस, आधी वाच.

"मी नसते तरी चाललं असतं" ही गंमत नव्हे. माणूस दमला की "मला झोपू द्या" म्हणतो. "मी नसते तर" म्हणत नाही. तिला विचार. स्पष्ट शब्दांत विचार की स्वतःला काही करावं असं मनात येतं का. तू विचारलंस म्हणून ते तिच्या डोक्यात नव्याने शिरणार नाही. असलं तर बाहेर येईल. मग त्याच दिवशी तिच्या डॉक्टरला, जीपीला, फोन कर. "हो" म्हणाली तर तिला क्षणभरही एकटी सोडू नकोस आणि सरळ हॉस्पिटलला घेऊन जा. एस्पेनला कळव. त्याला बोटीवरून आणता येतं.

तू म्हणशील, ताई वॉर्डच्या नजरेने बघते. नाही रे. मी हे वॉर्डमध्ये शिकले नाही.

माझ्या देवचा जन्म झाला तो हिवाळा. तुझे भाऊजी कामावर जायचे आणि मी दिवसभर त्या वरच्या खोलीत. पोर रडायचं आणि मला वाटायचं, ह्याला कळलंय की मी खोटी आई आहे. मी त्याला पाळण्यात ठेवून जिन्यात जाऊन बसायचे, दार लावून. एकदा कोट न घालता नदीपर्यंत चालत गेले. का गेले होते ते मला माहीत होतं. पुलावर एका अनोळखी बाईने विचारलं, "लव्ह, कोट कुठाय तुझा?" मी तिच्याबरोबर परत आले. तुला मी त्या महिन्यात लिहिलं होतं की देव गुटगुटीत आहे आणि कार्डिफला छान बर्फ पडलाय.

आईला नाही, तुझ्या भाऊजींना नाही, कुणालाच सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. आपोआप ओसरलं, पण ओसरायला फार वेळ लागला, आणि देवचं पहिलं वर्ष मला आठवत नाही. अक्षराचं असं जायला नको.

तिला माझं सांगायचं असलं तर सांग. माझी परवानगी आहे.

ताई


एडिनबरा
९ मार्च

ताई,

सावकाश लिहितो, म्हणजे सगळं येईल.

तुझं पत्र दुसऱ्याच दिवशी सकाळी आलं. वाचून मी जिन्यात बसलो. मिसेस गिलेस्पी दूध घेऊन वर येत होत्या, त्यांनी विचारलं, "वाईट बातमी?" मी म्हटलं, "जुनी." देव गुटगुटीत आहे हे पत्र मला आठवतं, ताई. मी ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

आदल्या रात्री बटाटा नीट करून फ्रिजमध्ये ठेवलेला होता. अक्षराला म्हटलं, "स्वयंपाकघरात येऊन बस, मला एकट्याला जमत नाही." ती स्टुलावर बसली. उल्काला मी माझ्या छातीशी झोळीत बांधलं होतं. तुझ्या सांगण्याप्रमाणे लाटणं फिरवलं, दाबलं नाही. आणि ताई, लाटली गेली! कागदासारखी, खालच्या कापडाची वीण दिसेल इतकी. काठी मधोमध सरकवून उचलली आणि मिसेस गिलेस्पींच्या तव्यावर उलगडली. फोड आले, तपकिरी ठिपके पडले. लोणी-साखर लावून, गुंडाळून तिच्या हातात दिली.

तिने एक घास खाल्ला. म्हणाली, "हीच."

मी दुसरी तव्यावर टाकली आणि तव्याकडे बघतच बोललो. तोंडाकडे बघून बोलायची हिंमत झाली नाही.

"अक्षरा, देव झाला तेव्हा तुझ्या आत्याला रोज वाटायचं की ती खोटी आई आहे."

"आत्याला?" ती म्हणाली. "आत्या तर एवढा वॉर्ड चालवायची."

"हो. तिला मरावंसं वाटलं होतं. तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. म्हणून तुला विचारतोय. तुला स्वतःला काही करावंसं वाटतं का?"

तिने लेफ्से खाली ठेवली. "करावं असं नाही, बाबा. पण सकाळ होऊच नये असं वाटतं. रोज. आणि उल्काकडे बघितलं की काहीच वाटत नाही. काहीच. सगळे म्हणतात किती गोड आहे, आणि मी शोधत बसते, कुठे आहे ते गोड."

मी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिलो, मैद्याचा. तेवढ्यात तव्यावरची लेफ्से जळाली, धूर झाला आणि छतावरचा अलार्म केकाटायला लागला. उल्का त्याच्या वरचढ. मी पोरीला छातीशी धरून पोळपाटाच्या फडक्याने अलार्मला वारा घालतोय, सगळीकडे मैदा उडतोय, खालून मिसेस गिलेस्पी ओरडतायत, "आग लागली का?" आणि अक्षरा रडत होती. ढसाढसा, मोठ्याने. लता गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

अलार्म थांबला तसा जीपीला फोन लावला. नाव आणि जन्मतारीख मी सांगितली. अक्षराने माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वतःच सांगितलं, सगळं. दुपारचीच वेळ मिळाली. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने घाई केली नाही. पोस्टनेटल डिप्रेशन म्हणाली. गोळ्या दिल्या, अंगावर पाजताना चालणाऱ्या. हेल्थ व्हिजिटर दोन दिवसांनी आली, आणि या वेळी मी चहा करायला उठलो नाही.

एस्पेन तिसऱ्या दिवशी आला. दारातच बसकण मारली त्याने. म्हणाला, "मला वाटायचं ती माझ्यावर रागावलीय." आम्ही दोघे पुरुष सारखेच आंधळे.

लगेच काही बदललेलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, औषधाला काही आठवडे लागतात. अजूनही ती बराच वेळ गप्प असते. पण काल दुपारी ती झोपली. खरीखुरी, तोंड उघडं टाकून. मी आणि एस्पेन चोरासारखे पायांच्या बोटांवर चालत होतो.

ताई, त्या वर्षी मी पत्रात विचारायला हवं होतं, तू कशी आहेस म्हणून.

राजा


एडिनबरा
२० एप्रिल, ईस्टर

आत्या,

हे मी स्वतः लिहिते आहे. फोनवर टाइप करून प्रिंट काढणार. हॅरोच्या शनिवारच्या मराठी शाळेत मी नेहमी चुकायची, 'तो' आणि 'ती' मला अजून समजत नाही. तर चुका असतील. बाबाने विचारलं, मी करेक्ट करून देऊ का? मी म्हटलं नाही, हा माझा पत्र आहे.

सिग्रिड आली आहे, काल. आता स्वयंपाकघरात बाबा आणि ती भांडतात. ती म्हणते, लेफ्से गोल असायची गरज नाही, तू वेळ वाया घालवतोस. बाबा म्हणतो, गोल नाही तर ती पोळीच नाही. ती नॉर्वेजियनमध्ये ओरडते, तो मराठीमध्ये, आणि मिसेस गिलेस्पी मध्ये बसून खाते आणि म्हणते अजूनही ही टॅटी स्कोनच आहे. एस्पेन सगळ्यांना चहा देतो. हा घर आता फार लहान पडतो. बाबा जूनपर्यंत राहणार आहे, जवळ एक रूम बघितली त्याने. म्हणतो, हॅरोला कुणाला एवढे बटाटे लागतात?

मी कशी आहे ते तुला खरं सांगते. चांगले दिवस जास्त आहेत आता, पण सगळे नाही. गोळ्या चालू आहेत. गुरुवारी मी एका ग्रुपला जाते, सगळ्या नव्या आया. पहिल्या दिवशी मी काहीच बोलले नाही. दुसऱ्या वेळी एक मुलगी म्हणाली, मला माझ्या बाळाकडे बघून काहीच वाटत नाही, आणि मी इतक्या जोरात "मी पण!" म्हणाले की सगळे हसले. मी पण हसले.

मागच्या आठवड्यात मी एकटी उल्काला घेऊन पोर्टोबेलोच्या बीचला गेले, बसने. वारा खूप होता. समुद्राजवळ मी तिचा टोपी नीट करत होते आणि तिने माझा बोट पकडला आणि माझ्याकडे बघितलं, असं सरळ, जसं काही मला ओळखते. मला काहीतरी झालं, आत. मोठं नाही. छोटं. पण ते होतं, आणि मला ते शोधावं लागलं नाही. मी तिथे वाळूत बसून गेले आणि बाबाला फोन केला. वाऱ्याचा आवाज ऐकून तो घाबरला. मग मी म्हटलं, "बाबा, गोड आहे रे ती." तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला फक्त.

बाबाने मला तुझ्या जिन्याबद्दल सांगितलं, आणि पुलाबद्दल. मी खूप विचार केला त्याच्यावर. तू तेव्हा माझ्यापेक्षा लहान होतीस ना? आणि तुझ्याकडे डॉक्टर नाही, ग्रुप नाही, जळकी लेफ्से करणारा बाबा पण नाही. सगळे आता मला विचारतात, रोज, कधी कधी तर मला कंटाळा येतो. तुला एकदाही नाही.

तर मी विचारते. आत्या, देव झाला तेव्हा तुला मनातून कसं वाटत होतं? मला सगळं ऐकायचं आहे, सुरुवातीपासून. पत्रात लिही, नाहीतर इथे ये आणि सांग. सोफा तुझा. उल्का दुपारी दोन तास झोपते आणि मला आता कुठेही जायचं नसतं.

तुझी अक्षरा